पापलेटांवरचा बर्फ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुला लिहून सांगतेय, कारण तू कोण ते मला ठाऊक नाही — समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

मोठा पूर आला, त्याच्या आदल्या मे महिन्यातली गोष्ट. माझी धाकटी जाऊ सुगंधा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. पोटाचे टाके ओले म्हणून ती चौकला, आमच्या किनाऱ्यावरच्या गावात, घरी, आणि बाळ भाईंदरला, इस्पितळात काचेच्या पेटीत. त्याला ओढून प्यायची ताकद नव्हती. सुगंधा दूध पिळून बाटलीत भरायची — बाटलीचा तळ झाकेल एवढंच यायचं, तेही रडत रडत. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून ते मी न्यायची. मासे विकायला मी तिकडे जायचीच ना.

नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मावशी, बर्फ वितळला तर खरं सांगा. ते दूध आम्ही ओतून टाकू. पण लपवू नका." याहून सोपं काय असतं?

आधी इस्पितळ, मग बाजार, असंच चालायचं. त्या दिवशी बस उशिरा आली. पाटीतल्या बर्फाचं पाणी होऊन गळत होतं, पापलेटं मऊ पडायला लागली होती. मी आधी बाजारात बसले. आणि — लिहितेच आता — दुधाच्या डब्यातला बर्फ काढून पापलेटांवर पसरला.

"ताजा है ना?" गिऱ्हाईक म्हणालं.

"एकदम ताजा, भाभी."

दुपारी पाटी रिकामी झाली. बाटली हाताला कोमट लागली. मी नवा बर्फ घेतला, बाटली त्यात पुरली आणि ती गार होईपर्यंत बसून राहिले. म्हणजे विचार करायला वेळ होता ना मला?

"पूर्ण वेळ बर्फात होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"हो, सिस्टर."

बाळाचं पोट फुगलं. ते वाचलं नाही. त्या दुधानेच झालं का? ठाऊक नाही — मी कुणाला विचारलंच नाही.

सुगंधा म्हणाली, "वयनी, माझ्या दुधातच खोट हाय." मी तिचं डोकं मांडीवर घेऊन थोपटत राहिले.

पुढे तिला मुलगी झाली. तिला तिने छातीशी लावलंच नाही. पदर भिजायचा, ती मोरीत दूध पिळून टाकायची आणि मला हाक मारायची, "वयनी, डब्यातली पावडर तुम्हीच कालवा गो. तुमच्या हाताला गुण हाय."

मी कालवून द्यायची.