धमन्यांना उशिरा आलेला राग

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो तेव्हा मी अकरावीत होते. बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला होते. गंभीर चेहऱ्यानं थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा बिल्डिंगमध्ये कुणी नव्हता. त्यामुळे स्कूटर घसरून ते डोक्यावर पडल्याची बातमीही शेजाऱ्यांना आधी थापच वाटली.

मेंदूभोवती थोडं रक्त सांडलं होतं. सहा दिवसांनी ते ठणठणीत होऊन घरी आले. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी आईकडे छत्री मागितली. "साखर कमी," असंही म्हणाले. आईनं चहा दिला. आम्ही हसलो, भेटायला आलेले शेजारचे काका तर खुर्चीतून पडायचेच बाकी होते. थोड्या वेळानं बाबांनी पेपरकडे बोट दाखवून पुन्हा छत्रीच मागितली. काका पुन्हा हसले. आई नाही हसली.

"हे एकच विनोद दोनदा करत नाहीत," ती म्हणाली.

तिनं बाबांना दोन्ही हात वर करायला लावले. उजवा हात हळूहळू खाली आला. काका अनवाणीच टॅक्सी शोधायला पळाले.

मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजावलं, की सांडलेल्या रक्तानं मेंदूच्या धमन्या चिडतात, आणि मार लागल्यावर काही दिवसांनी आकसतात. मग पुढे रक्त पुरेसं पोचत नाही. वेळेत आणलंत म्हणून बरं, असंही ते म्हणाले. आईनं विचारलं, चिडायला इतके दिवस कसे लागले? काहींना लागतात, डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे यांच्यावरच गेल्यात," आई म्हणाली. "हेही आज बोललेलं आठवड्यानं मनावर घेतात."

सलाइन आणि दर चार तासांनी गोळ्या सुरू झाल्या. शब्द एकेक करून परत आले. मधले दोन दिवस मी 'टेबल' होते आणि आई 'साहेब'. आईनं ते खुशाल चालवून घेतलं.

एका दुपारी बाबा मला म्हणाले, "मी चहाच मागत होतो गं. तुम्ही हसलात, तर वाटलं, सगळे मिळून माझी फिरकी घेताय."

सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

उजव्या हातानं शर्टाची बटणं लावायला त्यांना पुढे दोन महिने फार वेळ लागे, पण कुणी मदत केलेली चालत नसे. कामावर जाऊ लागले ते बसनं. स्कूटर आईनं त्यांना न विचारताच विकून टाकली होती.