विहिरीखालचं जांभूळ

सावली गावाजवळच्या आमच्या धानाच्या शेतात पाणी होतं, पण विहीर टिकत नव्हती. पाण्याच्या वर वाळूचा थर. दोनदा खोदली, दोनदा ढासळली. त्या उन्हाळ्यात वादळानं नाल्याकाठचं जुनं जांभूळ आडवं झालं आणि बाबा म्हणाले, "आता विहीर होते."

बाबा गावचे वाढई, म्हणजे सुतार. वाळूत विहीर बांधायची तर आधी तळाला लाकडाचं कडं ठेवायचं. त्यावर विटा रचत जायच्या आणि आतली वाळू काढत राहायची. वजनानं सगळं बांधकाम हळूहळू खाली उतरतं. कड्याला जांभूळच लागतं, कारण ते पाण्यात सडत नाही. पण बाबांचे हात आता थरथरत होते. लहानपणापासून करवतीचं दुसरं टोक मीच धरत आले होते, म्हणून त्यांनी पटाशी माझ्या हातात दिली.

काका हसले. "पोरगी करन कडं?"

"काऊन हसून राह्यला?" बाबा म्हणाले. "हात माहा थरथरते. तिचा नाई."

सहा वाकडे तुकडे, प्रत्येकाला खाच, खाचेत लाकडी खुंट्या. जांभूळ चिवट, पटाशीला रोज दोनदा धार लावावी लागे. दहाव्या दिवशी कडं जुळलं. बाबांनी सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं आणि चहा मागितला.

बांधकाम कंबरभर खाली गेलं आणि एका बाजूला कललं. विटा रचणारा गवंडी म्हणाला, "काढा सारं, पुन्हा मांडू." बाबा काठावरून ओरडले, "जे बाजू वर अडली, तिच्याच खालची वाळू काढ!"

मी आत उतरले. गुडघ्यांवर बसून अडलेल्या बाजूखालची वाळू थोडी थोडी ओढत राहिले. आधी काहीच हललं नाही. मग विटांतून करकर आवाज आला आणि सगळी विहीर माझ्याभोवती वीतभर खाली बसली. गवंड्यानं पातळी मोजायची पाण्याची नळी लावून पाहिली. "बराबर!" तो ओरडला. "सुतभर फरक नाई!"

त्यानंतर पाचव्या दिवशी पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत चढलं. मी भिजलेली, चिखलानं माखलेली वर आले, तर काका बादली घेऊन उभे. त्यांनी स्वतः पाणी शेंदलं, पहिला गडवा बाबांना दिला, दुसरा मला.

"माह्या वावरातही वाळूच हाये," ते म्हणाले. "कधी येतेस?"

"जांभूळ पाहून ठेवा," मी म्हणाले, "मग येतो आम्ही."

बाबा इतक्या जोरात हसले, की गडव्यातलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.