दुखतंय म्हणणारे सुभेदार

आमचे सुभेदार गेले ते सकाळी, चहा घेऊन. चहा म्हणजे दोन चमचे, तेही मी भरवलेले. कप विसळून परत आले तोवर त्यांचा श्वास थांबलेला होता. मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं... हे वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. ज्या बाईचा नवरा कमांडोंच्या तुकडीत असतो ती लग्नापासून एकाच निरोपाच्या धाकात असते. फोन वाजला की हात पदराला पुसता पुसता ती आधी देव्हाऱ्याकडं बघते. तो निरोप माझ्या दारात कुणी घेऊन आलं नाही. सुभेदार आपल्या घरात, आपल्या खाटेवर, माझ्या हाकेच्या अंतरावर गेले आणि बातमी मीच सगळ्यांना कळवली. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, त्यामुळे खांदा द्यायला शेजारच्या वस्त्यांवरून माणसं बोलवावी लागली. शिरूर कासारकडच्या माणसानं दिवाळीनंतर मरू नये, लोकांची गैरसोय होते, असं सुभेदारच म्हणायचे.

सुभेदार हे मी ठेवलेलं नाव. गाव त्यांना फौजी म्हणायचं, कागदोपत्री ते भानुदास. घर मेंढपाळाचं. पिकं निघाली की सासरे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, खतासाठी लोकांच्या रानात बसवायचे. सुभेदारांचं बालपण त्या मेंढरांमागं गेलं. दिवस मावळला की सासरे एकेक मेंढरू आडवं पाडून त्याची खुरं तपासत. मेंढरू दुखणं लपवतं, कळपाबरोबर लंगडत चालत राहतं आणि पडलं की मगच कळतं, असं त्यांचं सांगणं. लोकांच्या बांधावर शिव्या खायच्या आणि सांजेला त्याच घरी पाणी मागायचं, हेही सुभेदार तिथंच शिकले. फौजेत भरती झाल्यावर काही वर्षांनी त्यांनी कमांडोंच्या तुकडीसाठी आपणहून नाव दिलं. तिथं आधी काही महिने माणसाला पारखून घेतात. एक ट्रक कायम उभा असतो. नको झालं त्यानं कधीही त्यात बसावं आणि आपल्या जुन्या पल्टणीत परत जावं, कुणी काही बोलत नाही. बहुतेक जण बसतात म्हणे. सुभेदार बसले नाहीत.

निवृत्त होऊन आल्यावर भरतीची तयारी करणारी पोरं त्यांच्याकडं यायची. सकाळी डांबरी रस्त्यावर धावून आलेली, घामाघूम, छाती फुगवून बसायची. जोर किती मारायचे, दूध किती प्यायचं, असले प्रश्न. सुभेदार त्यांना सांगायचे, "मिळंल ते खाता आलं पायजे. शिवी खाऊन झोप लागली पायजे. आन् दुखलं तर सांगता आलं पायजे." शेवटचं ऐकून पोरांचे चेहरे उतरायचे. कमांडोकडून त्यांना हे ऐकायचं नसायचं. खरं सांगायचं तर मलाही ते पटायचं नाही, कारण माझ्या घरात राहणारा माणूस कधी काही सांगतच नव्हता.

सुट्टीवर आले की मी विचारायची, कसे आहात. "ठीक हाय." खांद्यावर वीतभर व्रण दिसायचा, कशाचा? "लागलं जरासं." एकदा तर दाढ सुजून गाल पुरणपोळीसारखा फुगला तरी हे गृहस्थ जेवायला बसले आणि ज्वारीची भाकरी मुकाट्यानं चावत राहिले. मी चिडायची, अबोला धरायची. अबोल्याचा त्यांच्यावर काय परिणाम होणार, ते आधीच मुके. फौजेनं यांना असं केलं, दगडासारखं राहता येणाऱ्यालाच तिथं घेत असतील, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

मागल्या वर्षी पोटात गाठ निघाली. लष्कराच्या इस्पितळात उपचार झाले, पण फार पुढं गेलेलं होतं. घरी न्या म्हणाले. घरी येऊन बघणारे आमचे डॉक्टर, तरुण आणि मोकळ्या स्वभावाचे, मला बाजूला घेऊन म्हणाले की आजार आता हटणार नाही, पण वेदना हटवता येतात. फक्त कुठं, कधी, किती दुखतं हे पेशंटनं सांगायला हवं, त्यावर गोळीचं प्रमाण ठरतं. मग ते खाटेजवळ गेले आणि विचारलं. सुभेदार म्हणाले, "ठीक हाय." त्यांचा हात चादरीखाली खाटेची पट्टी आवळून धरत होता, मला दिसत होतं. असे कितीतरी दिवस गेले. औषध घरात होतं आणि माणूस ते घ्यायला तयार नव्हता. त्यांच्या मरणापेक्षा मला याची भीती वाटायची, की हे असेच दात आवळून जातील आणि मला काहीच करता येणार नाही.

तेवढ्यात महादेवराव आले. हे सुभेदारांचे प्रशिक्षणातले जोडीदार, कोल्हापूरकडचे. तिथं दोघादोघांची जोडी लावून देतात. दोघं मित्र गप्पा मारत बसले, मी चहा दिला, आणि कशावरून तरी मी महादेवरावांना म्हटलं, तुमच्या त्या शिकवणाऱ्या उस्तादांनी माझा नवरा पार मुका करून टाकला. त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं.

"मुका? वैनी, ह्यो रोज सांजंला मला पाय दावायचा. कुठं फोड, कुठं कळ, भ्या वाटतंय काय, समदं सांगायचा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी दारात उभी राहून ऐकलं. सुरुवातीला सुभेदारांच्या टाचेला जखम झाली होती आणि त्यांनी ती लपवली. लांबच्या चालीत पाय फरफटायला लागले तेव्हा उस्तादांनी सगळ्यांना थांबवलं, बूट काढायला लावला. रागावले ते सुभेदारांवर नाही. महादेवरावांना पुढं बोलावलं, जोडीदाराची टाच फाटलीय हे तुला ठाऊक होतं का विचारलं. नव्हतं. मग सुभेदारांचा पिट्ठू, म्हणजे पाठीवरची अवजड पिशवीसुद्धा महादेवरावांच्या पाठीवर चढवला आणि उरलेली वाट दोन पिशव्यांनिशी चालायला लावलं. सुभेदार मोकळ्या पाठीनं मागून चालत होते आणि लहान पोरासारखे रडत होते. त्याच सांजेला त्यांनी पाय पुढं केले. आपला बाप मेंढरांची खुरं का तपासायचा ते तेव्हा कळलं, असं महादेवरावांना म्हणाले. एक धिप्पाड पैलवान गडी त्यांच्यासोबत होता, तो ताप लपवून चालत राहिला आणि ऐन डोंगरात कोसळला. त्याला ट्रकमध्ये बसवताना उस्ताद म्हणाले होते की पडलास म्हणून पाठवत नाही, लपवलंस म्हणून पाठवतोय.

महादेवराव मुक्कामाला राहिले नाहीत. ते गेल्यावर मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले. मनात राग होता आणि थोडा मत्सरही, तोही सांगून टाकते. इतकी वर्षं यांचं दुखणं कोल्हापूरला ठाऊक आणि घरात पत्ता नाही.

मी म्हटलं, "शिक्षा जोडीदाराला व्हती ना? मग माझ्या पाठीवर किती वर्सं दोन पिशव्या हायेत, तुमाला दिसलं न्हाई?"

सुभेदारांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, आता तेच दोन शब्द येणार. पण म्हणाले, "तुला भ्या वाटंल म्हणून..."

"भ्या तर रोजच वाटतंय. निदान कशाचं ते तरी कळू द्या."

त्यांनी चादर बाजूला केली, माझा हात घेऊन बेंबीच्या वर ठेवला. "हितं. पाठीपातूर जातंय. सकाळच्याला लई." आणि मग म्हणाले, "दुखतंय गं."

मी त्या माणसाशी संसार केला, आमच्या लेकीला वाढवलं, पण नवरा मला त्या दिवशी मिळाला असं म्हटलं तर खोटं होणार नाही. डॉक्टरांना फोन केला, गोळी वाढली. पुढचे दीड-दोन महिने रोज सांजेला मी पायथ्याशी बसायची आणि ते सांगायचे. कधी पोट, कधी पाठ, कधी नुसतीच धास्ती. दोनदा हुंदके देऊन रडले. मग गोळी लागू पडली की दुधातली भाकरी मागून खायचे, माझ्या हातच्या पातळ पिठल्याची थट्टा करायचे. चेहऱ्यावरची शीर सैल झाली होती. ते घर पूर्वी इतकं हलकं कधीच नव्हतं.

तेराव्याला माजी सैनिकांचे एक पुढारी आले होते. बोलायला उभे राहिले आणि चांगलं बोलले. शेवटी म्हणाले की एवढा भयंकर आजार, पण या वीरानं अखेरपर्यंत तोंडातून हूं की चूं काढलं नाही. माणसांनी माना डोलावल्या. मी बायकांत बसले होते. अशा वेळी घरच्या बाईनं बोलायचं नसतं, मला कळत होतं.

"न्हाई," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "लई दुखलं त्यांना. रडले. समदं सांगितलं मला."

पुढारी गोंधळून खाली बसले. पुरुषांच्या रांगेत महादेवराव होते, ते तेवढे उठून उभे राहिले.