एक दिवसाआडची गोळी
औषधांच्या दुकानातला तो कडवट-गोडसर वास आला की मला विश्रांतवाडीतली एक दुपार आठवते. महागाईचा आकडा काढण्यासाठी ठरलेल्या दुकानांतून दर महिन्याला भाव टिपून आणायचे, हे तेव्हा माझं काम होतं. किराणा आणि भाजी उरकून मी आमच्या घराजवळच्या औषधांच्या दुकानात शिरले. दुकानदार काकांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची नवी पट्टी पुढे केली. मी वाढलेला भाव लिहीत असताना ते सहज म्हणाले, "तुमचे वडील हल्ली महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरवतात. विचारा जरा त्यांना." मी मान हलवली आणि सगळा तक्ता भरूनच निघाले. घरी बाबा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी पान उलटलं. "एक दिवसाआड घेतो. पेन्शन तेवढीच आहे, गोळ्या महागल्यात. काही होत नाही." मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?" "तुला माहीत नव्हतं? भाव तर तूच लिहून आणतेस." मी हातपाय धुतले आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी महिन्याच्या गोळ्या आणून दिल्या, ते रोज घेऊही लागले, पण दिवाळीनंतर त्यांची उजवी बाजू गेली. आज सकाळी मी त्यांना भरवत होते, तेव्हा रेडिओवर महागाई उतरल्याची बातमी सांगत होते. बाबा ऐकत होते. मी पुढचा घास कालवला.