परण्यातली गिटार

लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. सेलूच्या एका बँड पार्टीत मी वीस वर्षं परण्यांत इलेक्ट्रिक गिटार वाजवली. गाड्यावर जनरेटर, वर भोंगे, अन् वायरीनं गाड्याला बांधलेला मी. दावणीच्या बैलालासुद्धा यापेक्षा मोकळीक असते!

एकदा देवगाव फाट्याजवळच्या एका गावात भान हरपून वाजवत होतो. नवरदेव मारुतीला प्रदक्षिणा घालायला वळला, तर त्याच्यामागं मीही वळलो, गिटारीसकट. अर्ध्या फेरीत वायर निसटली, आवाज गप्प. वर पायात चपला! म्हातारे खवळले. "ए बाबा, नवरदेव तू हायस का त्यो?" पोरांनी मात्र मलाच खांद्यावर घेतलं. पुढं लग्नवाले मुद्दाम सांगायचे, "त्या फेरीवाल्यालाच पाठवा." काय दिवस होते ते!

मग डीजे आला. पोरांना छातीत धडधड पाहिजे, तारा कुणाला पाहिजेत? परवा भाच्याच्या लग्नात विषय काढला तर तो म्हणतो, "मामा, ह्यो आवाज मोबाइलात हाय की. बोटं कशाला दुखवायलाव?" लय राग आला. पण भरल्या पंगतीत बोलणार काय? भातासोबत गिळला.

माझा जीव अडकला होता मुलीत. माझ्यामागं तिनं गिटार धरावी, एवढीच इच्छा. ती पाचवीत गेली तेव्हा गिटार तिच्या हवाली केली. एकदा दिली म्हणजे दिली. मग मी वाजवायला म्हणून हातही लावला नाही. ती शाळेतून आली की गिटार घेऊन बसायची, मी समोर बसून चुका काढायचो. बारावीपर्यंत बिचारी कुरकुरली नाही. मग शिकायला पुण्याला गेली अन् गिटार घरी खोळीत पडून राहिली. मला वाटायचं, वेळ मिळाला की नेईल.

यंदा दिवाळीला ती आली. मी नव्या तारा चढवून गिटार समोर ठेवली. "बाई, जाताना घेऊन जा हिला."

तिनं गिटार हळूच माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "पप्पा, रागावू नका. मला ती कधीच आवडली न्हाई."

"मग इतकी वर्षं कशाला शिकलीस?"

"तुमी रोज तेवढा वेळ माझ्यापाशी बसायचात, म्हणून. मला तर तुमी वाजवलेलं आवडायचं. तुमीच सोडून दिलंत."

कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं. आजकालच्या पोरांना गिटार नको म्हणून मी गावभर बोंबलत फिरलो. अन् घरात ती कुणी बंद पाडली होती?

"आता वाजवा की," पोरगी म्हणाली.

गिटार मांडीवर घेतली. बोटं तारांवर ठेवली. वीस वर्षं वाजवलेल्यातलं एकही गाणं मला पुरतं आठवेना.