खिडक्यांवर पेपर
"मॅडम, तुमच्या खिडक्यांवर पोरींनी पेपर चिकटवलेत," इरुंगाट्टुकोट्टैहून मॅनेजर मुरुगनसरांचा फोन. "बिल्डिंग भिकार दिसते. महिनाअखेरीस गेस्ट येणार आहेत."

मी आर्किटेक्ट. तमिळ मुलखातल्या त्या औद्योगिक वसाहतीत एका फॅक्टरीच्या कामगार मुलींचं हॉस्टेल मी डिझाइन केलं होतं. प्रत्येक खोलीला दोन बाजूंना मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड, आरपार वारा. त्या खिडक्यांवर माझा जीव होता. मी तणतणतच निघाले.

भर दुपारी खोलीत अंधार. काचा बंद, त्यांवर तमिळ पेपर, आत भट्टी. सेल्वी नावाची मुलगी घामाघूम होऊन खाटेवर बसली होती.

"उजेड नको का तुम्हाला?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"नाइट शिफ्ट आहे, अक्का. दिवसा झोपायचं असतं. काल प्रेसवर डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला."

प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं मशीन. मी खजील झाले. कपाटं किती, बाथरूम किती, सगळं विचारलं होतं. झोपता कधी, हे विचारायचं राहिलं होतं.

"काचांना काळी फिल्म लावून टाका," दारात उभे असलेले मुरुगनसर म्हणाले.

"फिल्म लावली तरी अंधारासाठी काच बंदच ठेवायची ना, सार? या उन्हात?"

"मग?"

"एक खोली द्या. आठवडाभर. नाही जमलं, तर फिल्म मी स्वतः चिकटवते."

फोटो धुवायच्या डार्करूमला पूर्वी 'लाइट ट्रॅप' असायचा. तेच केलं. सरकत्या चौकटीत लाकडी पट्ट्यांचे दोन थर, पण फटी समोरासमोर नाहीत. वारा वळून आत येतो, उजेडाला वळता येत नाही. पहिला नमुना साफ फसला. आतून पांढरा रंग दिला होता, त्यावर आपटून उजेड आत आला. पट्ट्या आतून काळ्या केल्या. खोलीत अंधार झाला आणि दोरीवरची ओढणी वाऱ्याने हलली! डे शिफ्टवालीने चौकट सरकवली की उजेड परत. मुरुगनसरांनी उभं राहून पाहिलं आणि सगळ्या खोल्या मंजूर केल्या.

महिन्याने वॉर्डनबाईंचा फोन आला.

"काय करून ठेवलंत, मॅडम? सेल्वीची संध्याकाळची बस चुकली. दार बडवलं तरी उठेना!"

माझ्या कामाबद्दल इतकी सुंदर तक्रार मी आजवर ऐकली नव्हती. तोंडाने "सॉरी" म्हटलं, पण ऊर अभिमानाने भरून आला होता.

हल्ली नव्या क्लायंटला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही झोपता कधी? लोक दचकतात. मी पेन्सिल हातात धरून थांबते.