पिंगळ्याचा उजवा डोळा

घरात उरलेली औषधं जपून ठेवणाऱ्यांनी वाचावं, म्हणून लिहिते आहे. माझ्यामुळे एका पक्ष्याचा डोळा गेला.

चितेगावच्या रस्त्याला नव्या प्लॉटिंगसाठी जुना कडुलिंब पाडला. त्याच्या ढोलीतला पिंगळा, म्हणजे ते लहानसं घुबड, मेंढ्या राखणाऱ्या हिराबाईंना खाली पडलेला सापडला. उजवा डोळा मिटलेला. टँकरची वाट बघणारी ही बाई आपल्या कळशीतलं पाणी त्याला पाजत होती.

मी तिथून जाताना त्यांनी विचारलं, "बाई, डोळ्यात घालाया काय हाय का तुमच्याकडं?"

माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मी देऊन टाकले. कुणाला विचारलं नाही.

आठ दिवसांनी, आज, पशुवैद्यांनी त्याच्या डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात पाहिलं. म्हणाले, "साधा ओरखडा होता. पण हे थेंब स्टेरॉइडचे, त्यांनी जखम भरत नाही. ओरखडा चिघळून डोळा फुटलाय."

हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही शिकल्याल्या. म्हणून दिसातून चारदा घातलं, एक येळ चुकवली नाय."



दुपारी वनविभागाकडे सुपूर्द: पिंगळा एक, जिवंत. डावा डोळा शाबूत, उजवा काढावा लागेल. परत सोडता येईल की नाही, सांगता येत नाही.